कर्णबधिर विद्यार्थ्यांना इंग्रजी लिहायला शिकवताना: आधी क्रियापदाचं घर भरा

माझ्या वर्गात येणारी कर्णबधिर मुलं तासगाव, जत, कवठेमहांकाळ अशा ठिकाणांहून एसटीने सांगलीला येतात. कॉलेजला पोहोचेपर्यंत बहुतेकांचं इंग्रजी नावापुरतंच झालेलं असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देण्याची तरतूद आहे. शाळेत त्या सुटीचा आधार होतो, त्यात गैर काही नाही. पण पुढे बी.ए., बी.कॉम.ला इंग्रजीचा पेपर समोर येतो आणि सगळ्यांना घाम फुटतो. मग स्टाफरूममधून सल्ले सुरू होतात: मराठीतून समजावा, सोपे निबंध पाठ करून घ्या, व्याकरणाचे तक्ते द्या. हे तिन्ही सल्ले ऐकून घ्या आणि सोडून द्या.

वर्गाची मांडणी तुम्हाला ठाऊक असणारच. बाकं अर्धगोलात, उजेड तुमच्या चेहऱ्यावर, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. साइन, म्हणजे सांकेतिक भाषा, येत नसेल तर आजपासून शिका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश 2021 पासून ऑनलाइन आहे, तेव्हा साहित्य मिळत नाही ही सबब आता चालणार नाही. इंटरप्रिटर असला तरी शिका. मुलाच्या हाताकडे बघून त्याचं वाक्य तुम्हालाच कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच जमणार नाही.

आणखी एक. गाईडांमध्ये इंग्रजी शब्दांचे उच्चार देवनागरीत दिलेले असतात. ज्याला उच्चार ऐकूच येत नाही त्याला त्यांचा काय उपयोग? स्पेलिंग बोटांनी करून घ्या. आपल्या साइनमध्ये इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी दाखवतात आणि मुलांचा त्यातला वेग बघण्यासारखा असतो. (या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत ती तुमच्यासाठी. वर्गात ती रोमन लिपीतच हवीत.)

आधी कोण कोण आहे ते बघा

जन्मापासून ऐकू न येणारा, पाचव्या-सहाव्या वर्षी तापानंतर ऐकू येईनासा झालेला आणि श्रवणयंत्र लावून बरंच ऐकणारा, असे तिघे एकाच बाकावर असतील. कायद्यात दोन्ही कानांना 70 डेसिबल श्रवणदोष म्हणजे बधिर आणि 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणारा. प्रमाणपत्रासाठी हे ठीक, पण त्या आकड्यावरून मुलाचं इंग्रजी कळत नाही. त्यासाठी तीन-चार चित्रांची एक गोष्ट द्या आणि जसं येईल तसं लिहायला सांगा. डिक्टेशन मुळीच नको.

कमी ऐकू येणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. ते 'मला ऐकू येतं, मॅडम' म्हणतात आणि आपण फसतो. शब्दाच्या शेवटचा 'स' हा बारीक, उंच पट्टीचा आवाज, तो त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. भूतकाळाचा शेवटचा 'ड'ही तसाच निसटतो आणि ओठांवरही धड दिसत नाही. जे कधी ऐकलंच नाही ते लिहिणार कुठून? त्याला निष्काळजी म्हणू नका.

आधी हात, मग पेन

विषय मुलांच्या घरातला घ्या. आधी साइनमध्ये सांगू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा, मग तो व्हिडिओ बघून लिहायला लावा. कोरा कागद समोर टाकून 'माय बेस्ट फ्रेंड' लिहून घेणं बंद करा.

एका मुलाने लिहिलेलं बघा: 'यस्टरडे फादर मार्केट यार्ड गो. टर्मरिक सेल. रेट लो. फादर अँग्री.' हळदीच्या सौद्याची अख्खी हकिगत चार ओळींत आली, कुठे काही राहिलं नाही. साइनमध्ये हे वाक्य असंच होतं: वेळ आधी, मग कोण, मग काय, शेवटी क्रिया. म्हणजे त्याने आपल्या भाषेत बरोबर वाक्य केलं आणि वर इंग्रजी शब्द ठेवले. तुम्ही इथे 'सगळं चूक' असा शेरा मारलात की तो मुलगा पुढच्या वेळी दोनच ओळी लिहितो.

पाच घरं

फळ्यावर पाच रकाने आखा: कोण, क्रिया, काय किंवा कोणाला, कुठे, कधी. ही युक्ती माझी नाही. एडिथ फिट्झगेराल्ड या स्वतः बधिर असलेल्या अमेरिकन शिक्षिकेने 1926 मध्ये असे रकाने मांडले आणि ते आजही चालतात. शब्दांचा क्रम यातून आठवडाभरात बसतो. एवढ्यावर समाधान मानू नका, खरी अडचण आता सुरू होते.

क्रियेचं घर

मुलाचा मजकूर रकान्यांत टाका. 'फादर' – 'गो' – 'टू मार्केट यार्ड' – 'यस्टरडे'. 'फादर' – 'सेल' – 'टर्मरिक'. आता तिसरं वाक्य: 'रेट', मग रिकामं घर, मग 'लो'. चौथं: 'फादर', रिकामं घर, 'अँग्री'. त्या रिकाम्या घराशी थांबा. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, आणि बहुतेक शिक्षक हात टेकतात तेही इथेच.

साइनमध्ये 'आहे' आणि 'होता' यांच्यासाठी वेगळी खूण लागत नाही. 'भाव कमी', झालं. त्यामुळे 'इज' आणि 'वॉज' हे शब्द मुलाला विनाकारण पेरलेले वाटतात. तो ते एकतर कुठेच घालत नाही, नाहीतर मॅडम खूश होतात म्हणून सगळीकडे घालतो: 'फादर वॉज गो', 'ही इज कम'. माझा नियम एकच आहे. क्रियेचं घर रिकामं ठेवायचं नाही आणि तिथे दोघांना बसवायचं नाही. घरात क्रिया असेल तर 'वॉज' बाहेर. क्रिया नसेल तर 'वॉज' आत. पहिल्या सत्रात याला अपवाद सांगायचा नाही.

अपवाद सांगायचा नाही म्हणजे 'आय अ‍ॅम गोइंग' शिकवायचंच नाही. प्रत्येक गाईडात ते पहिल्या धड्यात असतं आणि ते सोपं असतं असा समज आहे. कर्णबधिर मुलांसाठी तो धडा विषासारखा आहे. एकदा का 'अ‍ॅम' आणि 'गो' एकाच घरात राहिलेले दिसले की ते दोन सत्रं बाहेर निघत नाहीत. साधा भूतकाळ आधी शिकवा. चालू काळ सगळ्यात शेवटी.

मराठीतून समजावू नका म्हणते तेही याच जागेमुळे. 'वडिलांना राग आला' या वाक्यात मराठीने 'आला' हे क्रियापद घातलंय. मुलगा ते बघून 'टू फादर अँगर केम' लिहितो आणि मराठीच्या हिशेबाने त्याचं बरोबरच असतं. शिवाय मराठी ही त्याची बोलत-ऐकत आलेली भाषा नाही, तीही त्याने शाळेत कष्टाने मिळवली आहे. एका कच्च्या पुलावरून दुसऱ्या कच्च्या पुलावर कशाला न्यायचं? राग, भूक, थकवा, आजारपण, भीती यांचे इंग्रजी शब्द पिवळ्या कार्डांवर लिहून भिंतीला लावा. साइनमध्ये हे भाव चेहऱ्यावर इतके जोरात येतात की मुलांना त्या क्रियाच वाटतात, मग 'फादर अँग्रीड' असं वाचायला मिळतं. पिवळं कार्ड दिसलं की क्रियेचं घर रिकामं आहे असं समजायचं, एवढं ठरवून टाका.

आता काळ. साइनमध्ये 'काल' एकदा दाखवलं की पुढची सगळी गोष्ट कालचीच असते, क्रियेची खूण बदलत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक क्रियेला भूतकाळाची निशाणी लागते. 'गो-वेंट-गॉन'चा तक्ता पाठ करून हे येत नाही. तक्ता घडाघडा लिहून दाखवणारी मुलं त्याच पानावर खाली 'यस्टरडे आय गो' लिहितात. त्यापेक्षा साइनमधलीच सोय वापरा. भूतकाळ दाखवताना हात खांद्यावरून मागे जातो. लिहिताना प्रत्येक क्रियेपाशी पेन थांबवून हात मागे न्यायला लावा. 'फादर', हात मागे, 'वेंट'. 'फादर', हात मागे, 'सोल्ड'. 'रेट', हात मागे, रिकाम्या घरात 'वॉज'. कॉलेजच्या मुलांना आधी हे पोरकट वाटतं, हसतात, पण पंधरा दिवसांत हात आपोआप हलायला लागतो. क्रियापदं मोजकीच घ्या: जाणं, येणं, खाणं, बघणं, घेणं, विकणं, देणं, मिळणं. ज्यांना शेवटी 'ईडी' लागतं त्यांची ती दोन अक्षरं हिरव्या पेनने. कानाला मिळत नाही ते डोळ्याला मिळालं पाहिजे.

'अ' आणि 'द'

यावर पहिल्या वर्षी मार्क कापू नका. शिकवायचंच तर साइनमधून शिकवा. गोष्टीत नवा माणूस आला की आपण त्याला हवेत एका जागी उभं करतो, तेव्हा 'अ'. पुढे त्याच जागेकडे बोट दाखवतो, तेव्हा 'द'. बारकावे नंतर.

तपासणी

एका वेळी एकच प्रकारची चूक. या आठवड्यात फक्त क्रियेचं घर बघायचं असेल तर बाकी सगळं सोडून द्या, हात शिवशिवले तरी. अख्खं पान लाल करून तुमचं समाधान होतं, मुलाचं इंग्रजी सुधारत नाही.

रोजच्या सरावाला व्हॉट्सअ‍ॅप पुरेसं आहे. मुलाचा मेसेज येतो: 'टुडे कॉलेज कम नो. फीवर.' त्याची चूक दाखवू नका, नीट वाक्यात उत्तर द्या: 'ओह, यू डिड नॉट कम बिकॉज यू हॅड फीवर. डिड यू सी अ डॉक्टर?' तो पुढच्या वेळी त्यातलं काहीतरी उचलतो. भाषांतराच्या अ‍ॅपवर मात्र बंदी घाला. तो त्यात मराठी घालणार तेही साइनच्या क्रमाने, आणि बाहेर जे येईल त्याला तो बरोबर समजणार.

अर्ज आणि फॉर्म

निबंधापेक्षा आधी रजेचा अर्ज, बँकेला पत्र, नोकरीसाठी ईमेल. चार ओळींचे नमुने करून द्या आणि क्रियेची घरं रिकामी सोडा.

फॉर्मवरच्या सूचना वेगळ्या वाचून घ्या, कारण त्या कर्मणी प्रयोगात असतात. 'द फॉर्म मस्ट बी साइन्ड बाय द प्रिन्सिपल' हे वाक्य मुलं शब्दांच्या क्रमाने वाचतात. पहिलं नाव कर्ता, हा रकान्यांचा नियम आपणच त्यांना दिलेला असतो. फॉर्म काही सही करत नाही, म्हणून इथे कसंबसं निभावतं. पण 'रवी वॉज पेड बाय सुनील' आलं की पैसे रवीने दिले असं ती ठामपणे सांगतात. म्हणून अशा वाक्यात 'बाय' दिसला की त्याला गोल करायला शिकवा, आणि 'बाय'च्या पुढचं नाव 'कोण'च्या घरात हलवून वाक्य पुन्हा लिहून घ्या. 'सुनील पेड रवी' असं वहीत उतरल्यावरच फॉर्मच्या पुढच्या ओळीकडे जा.