नवतपा लागण्याआधी रिअॅक्टरची तयारी: लहान केमिकल कारखान्यांसाठी

मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, नागपूर या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे सरकतो. टिनाच्या शेडखाली, बॅरल रचलेल्या कोपऱ्यात त्याहूनही जास्त. डिसेंबरात निमूट निघणारी बॅच या दिवसांत वेगळी वागते. रेसिपी तीच असते, पण रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये (दुहेरी कवचात) फिरणारे पाणी तेवढे गार राहिलेले नसते. म्हणून रिअॅक्शनच्या धोक्याची तपासणी फेब्रुवारी-मार्चातच उरकून घ्यावी. ही यादी तालुक्याच्या एमआयडीसीतल्या युनिटांसाठी आहे: पांढरा गोंद, रेझिन, फायबरग्लासच्या टाक्या, झिंक सल्फेटसारखी सूक्ष्म अन्नद्रव्ये, साबण, फिनाइल. जिथे वेगळा सेफ्टी विभाग नाही आणि मालक, केमिस्ट व खरेदी पाहणारा बहुधा एकच माणूस असतो, अशा ठिकाणांसाठी.

सुरुवात कागदांपासून. प्रत्येक कच्च्या मालाचे सुरक्षा माहितीपत्रक पुरवठादाराकडून मागून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. ते पत्रक ड्रममधल्या मालाबद्दल बोलते. दोन ड्रम एकत्र आल्यावर तुमच्या रिअॅक्टरमध्ये काय होईल, ते त्यात नसते. त्यानंतर बॅच खरोखर कशी काढली जाते ते ऑपरेटरला शेजारी बसवून लिहून काढा: आधी काय पडते, किती वेळात, किती तापमानाला, ढवळणी केव्हा सुरू होते, वाफ केव्हा सोडतात. मग ते फाइलमधल्या रेसिपीशी ताडून पाहा. फरक निघतोच, आणि धोका बहुतेकदा त्या फरकातच असतो. चार तासांचे डोसिंग (माल थोडाथोडा आत सोडणे) रात्रपाळीत अडीच तासांत उरकले जात असेल, तर तपासणी अडीच तासांचीच करायची.

पुढे एक मोठा तक्ता करा. आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना आवारातला प्रत्येक पदार्थ लिहा. त्यात पाणी, गंज, टाकी धुण्याचे अॅसिड आणि सांडलेले टिपायचा लाकडाचा भुसाही धरा. प्रत्येक चौकोनात दोघे एकत्र आले तर काय होईल ते लिहा. माहीत नसेल तर तसे लिहून तो चौकोन लाल करा. काही जोड्या आधीच पक्क्या ठाऊक आहेत. हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) अॅसिड गेले की क्लोरीन सुटतो. नायट्रिक अॅसिड आणि अॅसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) एका वेस्ट ड्रममध्ये कधीच जाऊ नयेत. कॉस्टिक सोडा अॅल्युमिनियमच्या भांड्यात गेले की हायड्रोजन निघतो.

फायबरग्लासवाल्यांनी इथे जरा जास्त थांबावे. एमईकेपी (रेझिन घट्ट करणारे पेरॉक्साइड) आणि कोबाल्टचे अॅक्सिलरेटर (ते काम वेगाने करवणारे) थेट एकमेकांत मिसळले की क्षणात भडका किंवा स्फोट होतो. क्रम ठरलेला आहे: कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून पूर्ण ढवळायचे, मगच एमईकेपी, साधारण रेझिनच्या १ ते २ टक्के. दोघांची मापे वेगळी, वेगळ्या रंगाची, वेगळ्या भिंतीवर टांगलेली. कोबाल्टच्या कपात एमईकेपी मोजायचे नाही, कप धुतलेला असला तरी नाही. एमईकेपी सांडले तर भुसा किंवा चिंधी टाकू नका, ती स्वतःच पेट घेते. ओली वाळू वापरा. उन्हात जेल लवकर येतो, म्हणजे रेझिन लवकर घट्ट होते, म्हणून बादलीत एकदम दहा किलो मिसळण्यापेक्षा दोन-दोन किलो मिसळा. उरलेले रेझिन बादलीतच राहिले तर ते आतून तापून धूर सोडते. ते उघड्यावर पातळ पसरवा.

आता उष्णतेचा हिशोब. त्याला पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो, आणि लहान युनिटांत नेमका हाच टाळला जातो. समजा पांढऱ्या गोंदाची १,००० किलोची बॅच आहे: ४०० किलो विनाइल अॅसिटेट (मोनोमर, म्हणजे ज्याचे रेणू जोडून गोंदाचा पॉलिमर बनतो), ६०० किलो पाणी. विनाइल अॅसिटेटचा पॉलिमर होताना किलोमागे साधारण १,००० किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे एकूण ४ लाख किलोज्यूल. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.२ आणि मोनोमरची सुमारे २ धरली, तर आख्खी बॅच एक अंश तापवायला ३,३०० किलोज्यूलच्या आसपास लागतात. भागाकार केला की १२० अंश येतात. सगळा मोनोमर एकदम टाकला आणि थंडावा बंद पडला, तर ७० अंशांवरची बॅच कागदावर १९० पर्यंत जाते. प्रत्यक्षात त्याआधीच सगळे उकळून बाहेर येईल, कारण विनाइल अॅसिटेट ७३ अंशांच्या आत उकळते आणि त्याची वाफ पेटायला जराही वेळ लागत नाही. तापमानवाढीचा हा आकडा (इथे १२०) ५० च्या खाली असेल तर नुकसान सहसा आटोक्यात राहते. २०० च्या वर असेल तर ते काम बाहेरच्या तज्ज्ञाशिवाय करू नये.

मोनोमर हळूहळू सोडायचा तो यासाठीच. पण डोसिंग चालू आहे म्हणजे रिअॅक्शनही चालू आहे, असे नाही. परसल्फेट (रिअॅक्शन सुरू करणारा पदार्थ) जुने असेल किंवा तापमान ५५-६० वर उतरले असेल, तर आत पडलेला मोनोमर न जुळता साचत जातो. तासाभराचा म्हणजे १०० किलो साचला आणि मग रिअॅक्शन पेटली, तर तापमान ३५ ते ४० अंशांनी उसळते आणि फेस कंडेन्सरमधून वर येतो. या वेळी ऑपरेटरचा हात आपोआप बॅच तापवणाऱ्या वाफेच्या व्हॉल्व्हकडे जातो, कारण तापमान पडलेले दिसते. ठळक अक्षरांत लिहून लावा: तापमान पडले की डोसिंग बंद, वाफ नाही, केमिस्टला बोलवा.

थंडाव्याचा हिशोब त्याच कागदावर करा. ४ लाख किलोज्यूल चार तासांत काढायचे म्हणजे सरासरी २८ किलोवॅट. जॅकेटमधले पाणी ५ अंशांनी तापून बाहेर पडत असेल, तर मिनिटाला सुमारे ८० लिटर लागते. २,००० लिटरची टाकी २५ मिनिटे पुरेल. डोसिंग अडीच तासांत उरकले तर भार ४५ किलोवॅटच्या आसपास जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतल्या पाण्याचे तापमान मे महिन्यात दुपारी ३ वाजता थर्मामीटर बुडवून मोजा, अंदाजाने लिहू नका. बॅच ७५ अंशांवर असेल आणि पाणी ३० वरून ४२ वर गेले, तर थंड करण्याची ताकद पावभराहून जास्त घटते. बॅच ४५ अंशांवर चालणारी असेल तर फक्त पाचवा हिस्सा उरतो. अशा बॅच पहाटे लावा किंवा चिलर येईपर्यंत थांबवा. बॅचचा आकार वाढवतानाही हेच. एक लिटरच्या फ्लास्कवरून १,००० लिटरवर गेलात की दर लिटरमागे थंड होणारा पृष्ठभाग दहावा हिस्सा राहतो. तापमान दहा अंश वाढले की रिअॅक्शनचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, थंडावा मात्र बॅच आणि पाणी यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणातच वाढतो. एकदा मागे पडलो की गाठता येत नाही.

दुसऱ्या रिअॅक्शनचा शोध घ्या, म्हणजे तुम्हाला नको असलेली, वरच्या तापमानाला सुरू होणारी. १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत जॅक्सनव्हिलच्या टी-२ लॅबोरेटरीज या लहान कारखान्यात नेमके हेच झाले. थंड पाण्याची एकच व्यवस्था होती, पर्यायी नव्हती. ती चालली नाही, तापमान चढत गेले आणि सोडियमची रेसिपीतल्या सॉल्व्हंटशीच दुसरी, जास्त जोरदार रिअॅक्शन सुरू झाली. चार जण गेले. हे तपासायला डीएससी चाचणी असते (नमुना तापवत नेऊन किती अंशांवर किती उष्णता निघते ते मोजणारी), काही मिलिग्रॅम नमुन्यावर होते. लॅबला सीलबंद, दाब सोसणाऱ्या क्रुसिबलमध्येच करायला सांगा. उघड्या भांड्यात नमुना उडून जातो आणि उष्णता दिसतच नाही. फक्त शुद्ध कच्चा माल पाठवू नका. रिअॅक्शनच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा माल, शिवाय डिस्टिलेशननंतर तळाशी उरणारा काळा गाळ, हे सगळे पाठवा. रिपोर्टमधल्या सुरुवातीच्या तापमानातून शंभर अंश वजा केले की सुरक्षित तापमान मिळाले, हा जुना नियम भरवशाचा नाही. बिघाडात बॅच ज्या तापमानाला पोहोचेल त्या तापमानाला ती पूर्ण चोवीस तास टिकेल का, हे विचारा.

गॅसचा हिशोब झिंक सल्फेटवाल्यांनी सोडू नये. झिंक अॅशमध्ये (जस्ताच्या राखेत) धातूरूप झिंक राहिलेले असते आणि सल्फ्युरिक अॅसिडशी ते हायड्रोजन देते. १० किलो धातूतून जवळजवळ ३.८ घनमीटर हायड्रोजन निघतो. हवेत ४ टक्के झाला की तो पेटतो, म्हणजे एवढ्याने ९५ घनमीटर हवा स्फोटक होऊ शकते. हलका असल्याने तो छताच्या सर्वांत उंच भागात साचतो. तिथे उघडी जागा हवी, आणि ट्यूबलाइट किंवा वायरचा जोड तिथे नको. आधी पाण्यात अॅश कालवा, मग अॅसिड सावकाश सोडा. अॅशमध्ये आर्सेनिक आहे का हे खरेदीआधी तपासून घ्या. आर्सेनिक असेल तर त्याच हायड्रोजनासोबत आर्सिन हा वायू निघतो, आणि तो थोड्या प्रमाणातही जीवघेणा आहे.

साठ्याकडे या. एमईकेपी आणि इतर पेरॉक्साइड ३० अंशांच्या खाली ठेवायची असतात. पाण्याचा कूलर कोरड्या मे महिन्यात ठीक चालतो, पण जुलैच्या दमट हवेत निकामी ठरतो. एसी लावलेली छोटी वेगळी खोली करा. घरगुती फ्रिज नको, आतल्या थर्मोस्टॅटची ठिणगी पुरे होते. स्टायरीनमधला इनहिबिटर (आपोआप रिअॅक्शन होऊ न देणारा पदार्थ) उष्णतेने संपत जातो, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचे प्रमाण नियमित तपासा. ७ मे २०२० ला विशाखापट्टणमजवळ जी वाफ वस्तीत पसरली ती लॉकडाऊनमध्ये टाकीत पडून राहून तापलेल्या स्टायरीनची होती. कारखाना बंद ठेवायचा असेल तेव्हा साठा आधी कमी करा. अॅक्रिलिक अॅसिडला मात्र हिवाळा नडतो. ते १३-१४ अंशांना गोठते, आणि आपल्याकडे जानेवारीची रात्र त्याखाली जाते. गोठताना इनहिबिटर सगळीकडे सारखा राहत नाही. वाफेने वितळवलेला ड्रम फुटू शकतो. कोमट खोलीत सावकाश वितळवा आणि मधून-मधून हलवत राहा. त्याच्यावर नायट्रोजन भरू नका, इनहिबिटरला काम करायला ऑक्सिजन लागतो.

लाइन जाणे हे आपल्याकडे अपवाद नाही, म्हणून ते तपासणीत गृहीतच धरा. लाइन गेल्यावर डोसिंगचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे. जॅकेटला उंच टाकीतून पंपाशिवाय पाणी यावे. जनरेटरवर आधी ढवळणी आणि पाण्याचा पंप, मग दिवे आणि पंखे. ढवळणी थांबली की हलका मोनोमर वर थर धरून बसतो. लाइन आल्यावर ढवळणी एकदम पूर्ण वेगात लावली तर सगळा एका क्षणात मिसळतो. आधी डोसिंग बंद असल्याची खात्री, मग तापमान, मग हळू वेग. रिअॅक्शन मारायला हायड्रोक्विनोनचे द्रावण तयार ठेवा आणि ते विजेशिवाय आत कसे टाकायचे हे करून पाहा. प्रमाण प्रयोगशाळेत ठरवा. रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटून वाट देणारी चकती) किंवा व्हेंट (वायू बाहेर सोडणारी वाट) ज्या बॅचसाठी बसवला होता ती बॅच बदलली असेल तर आकार पुन्हा काढून घ्या. व्हेंटचे तोंड हेल्परच्या जेवायच्या जागेकडे किंवा शेजारच्या शेतातल्या रस्त्याकडे नसावे.

१९८९ च्या धोकादायक रसायनांच्या नियमांतल्या साठ्याच्या मर्यादेखाली आहोत म्हणून बऱ्याच ठिकाणी हा विषय बंद होतो. ती मर्यादा साठ्याची आहे, ५०० लिटरच्या बॅचने मजूर भाजू शकतो. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीच्या वेळी हीच फाइल पुढे ठेवता येते.

शेवटी फोन आणि गाव. जवळची अग्निशमन गाडी किती मिनिटांत पोहोचते ते विचारून लिहा, भाजलेल्यावर उपचार होणारे जवळचे रुग्णालय कोणते तेही. मे महिन्यात विहीर आणि बोअर किती खाली जाते ते पाहून आगीसाठीचे पाणी वेगळ्या टाकीत ठेवा. वारा दाखवणारी कापडी पिशवी छतावर लावा. सरपंच आणि पोलीस पाटलांना भोंग्याचा अर्थ आधी समजावून सांगा: भोंगा वाजला की वाऱ्याला आडवे चालायचे, बघायला यायचे नाही. आणि पुरवठादार, ग्रेड, बॅचचा आकार किंवा डोसिंगची वेळ, यांतले एकही बदलले तर त्या दिवशीची बॅच लावण्याआधी वरचा तक्ता आणि उष्णतेचा हिशोब नव्याने करून त्यावर तारीख आणि सही टाका.