उंच माणसांनी वॉकिंग पॅड घेताना या चुका टाळा

वॉकिंग पॅड म्हणजे काम करता करता चालण्यासाठी उंच टेबलाखाली ठेवायची छोटी, सपाट ट्रेडमिल. सहा फूट किंवा त्याहून उंच असणाऱ्यांच्या तिच्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. पाय पुढच्या कव्हरला लागतो, मागे बूट पट्ट्याबाहेर जातो, पाऊल आखडतं, मान खाली झुकते. यातली एकही तक्रार मोटरची नाही, सगळ्या मापाच्या आहेत. दुकानात मात्र पहिला प्रश्न असतो, ‘मोटर किती एचपीची?’ खरेदीआधी टेप घेऊन स्वतःला मोजा, बाकीचं बरंचसं आपोआप ठरतं.

मशीनची लांबी म्हणजे पट्ट्याची लांबी समजणं

वेबसाइटवर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा पूर्ण मशीनचा असतो. १४० सेंटीमीटर लांब मशीनचा चालायचा पट्टा १०५ सेंटीमीटरच निघू शकतो, कारण पुढे मोटरचं कव्हर आणि मागे रोलरचं टोक जागा खातात. ‘रनिंग एरिया’ किंवा ‘बेल्ट साइज’ असं लिहिलेलं माप शोधा. तिथे दोन आकडे दिसतील, साधारण १०० × ४० सेंटीमीटर असे. ते दिलेलेच नसतील तर विक्रेत्याकडून लेखी घ्या.

आता तुम्हाला किती लागेल ते काढू. घराच्या पॅसेजमध्ये किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेहमीच्या वेगाने दहा पावलं चाला, अंतर मोजा आणि दहाने भागा. ६ फूट २ इंच म्हणजे १८८ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचं पाऊल ताशी ५ किलोमीटरच्या चालीला साधारण ७७-७८ सेंटीमीटर भरतं. पुढच्या पायाची टाच टेकते त्या क्षणी मागच्या पायाचा चवडा अजून पट्ट्यावरच असतो, म्हणून त्यात बुटाची लांबी मिळवा, समजा ३१ सेंटीमीटर. झाले जवळपास १०९. चालताना माणूस नकळत थोडा पुढे-मागे सरकतो, त्यासाठी दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटीमीटर सोडा. म्हणजे या माणसाला १३० सेंटीमीटरच्या आसपास पट्टा हवा. १०५ सेंटीमीटरवर तो चालेल, पण आखडतं पाऊल टाकत. असं रोज अर्धा तास चाललं की मांडीच्या वरचा पुढचा भाग आणि कंबर ठणकायला लागते.

याच हिशोबाला दुसरी बाजू आहे. काम करता करता ताशी अडीच-तीन किलोमीटरनेच चालायचं असेल, तर त्याच माणसाचं पाऊल ५५-६० सेंटीमीटरवर येतं. मग ११५ सेंटीमीटरचा पट्टाही निभावतो. तेव्हा आधी ठरवा की पॅड मीटिंग ऐकताना रेंगाळायला हवा की संध्याकाळच्या झपाझप फेरीऐवजी. दोन्ही हवं असेल तर मोठाच घ्या, आणि मोठा पॅड परवडत नसेल तर वेगाच्या अपेक्षा सोडा. छोट्या पट्ट्यावर ताशी सहाच्या वेगाने चालणं उंच माणसासाठी धोक्याचं आहे.

रुंदी कमी महत्त्वाची, पण ४० सेंटीमीटरपेक्षा अरुंद पट्ट्यावर खांदे रुंद असलेल्याला दोरीवर चालल्यासारखं वाटतं. ४५ मिळाली तर उत्तम.

पॅडवर उभं राहिल्यावरची उंची विसरणं

या चुकीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नंतर ती सगळ्यात महागात पडते. पॅडचा पृष्ठभाग जमिनीपासून १०-१३ सेंटीमीटर वर असतो, त्यात बुटाचा तळ दोन-तीन सेंटीमीटर. १८८ सेंटीमीटरच्या माणसाचं कोपर उभं असताना साधारण ११८ सेंटीमीटरवर येतं, पॅडवर गेल्यावर १३२-१३३ वर. टायपिंगसाठी टेबल जवळपास तितकं वर जायला हवं. बाजारातली अनेक इलेक्ट्रिक स्टँडिंग टेबलं १२०-१२५ सेंटीमीटरवर थांबतात. मग माणूस खांदे पाडून, पोक काढून टाईप करतो आणि मानदुखीचं खापर पॅडवर फोडतो.

टेबल आधीच घेतलेलं असेल तर त्याची कमाल उंची मोजा. कमी पडणाऱ्या सात-आठ सेंटीमीटरसाठी टेबलावर ठेवायचा रायझर, म्हणजे उंची वाढवणारा स्टँड मिळतो. टेबलाच्या पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे अजिबात ठेवू नका, चालण्याच्या हादऱ्याने ते सरकतात. स्क्रीन तर डोळ्यांसमोर हवाच, म्हणून लॅपटॉप असेल तर तो उंच स्टँडवर आणि कीबोर्ड वेगळा.

आता वर बघा. ६ फूट २ इंचाच्या माणसाचं डोकं पॅडवर जमिनीपासून दोन मीटरवर जातं, बूट घातले की आणखी वर. सात फुटांवरच्या माळ्याखाली पॅड ठेवला तर डोक्यावर कसेबसे चार इंच उरतात, आणि चालताना शरीर दर पावलाला थोडं उचललं जातं. पंख्याचं गणित आणखी गंभीर आहे. आळस द्यायला हात वर केला तर बोटं आठ फुटांच्याही वर जातात. अनेक फ्लॅटमध्ये पंख्याची पाती तेवढ्याच उंचीवर फिरत असतात. पॅड पंख्याखालून बाजूला घ्या. टेबलफॅन किंवा भिंतीवरचा पंखा इथे जास्त बरा.

वजनाची मर्यादा काठोकाठ घेणं

उंच माणूस सडपातळ असला तरी ८५-९० किलो सहज भरतो. १०० किलोच्या मर्यादेचा पॅड चालेल असं वाटतं, पण हळू वेगात पट्टा ओढायला मोटरला जास्त जोर लागतो, ती तापते आणि मशीन मधेच बंद पडतं. तुमच्या वजनापेक्षा निदान २०-२५ किलो जास्त मर्यादेचा पॅड बघा. एचपीचा आकडा वाचताना ‘पीक’ लिहिलंय की ‘कंटिन्युअस’ तेही पाहा. पीक म्हणजे क्षणभराचा जोर, रोजच्या चालण्याला दुसरा आकडा लागू पडतो.

मधोमध दुमडणारा पॅड कपाटामागे छान मावतो, पण सांधा नेमका पावलाखाली येतो. घेण्याआधी त्यावर उभं राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर टाकून बघा. सांधा जाणवला तर दुसरं मॉडेल बघा. पकडायची दांडी असलेल्या मॉडेलमध्ये दांडीची उंची विचारा. ती मांडीपाशी येत असेल तर तोल जाताना तिचा आधार मिळणार नाही.

घरी आल्यावर अडचण आली तर

खोका लगेच रद्दीत देऊ नका. परत करायची मुदत संपायच्या आत, रोज जितका वेळ चालणार तितका वेळ सलग चालून बघा. पाच मिनिटांत काहीच कळत नाही.

पाय पुढे लागत असेल तर आधी वेग कमी करून बघा. मग मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढून घ्या. टाच कव्हरपासून किती लांब टेकते आणि मागचा चवडा रोलरच्या किती जवळ उचलला जातो, ते त्यात स्पष्ट दिसतं. वेग कमी करूनही दोन्हीकडे जागा उरत नसेल तर पट्टा तुमच्यासाठी छोटाच आहे, तो परत करा.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर आधी फरशी समतल आहे का ते बघा. मग मागच्या टोकाचे दोन बोल्ट. पॅडवर कोणी नसताना तो हळू चालू ठेवा. पट्टा उजवीकडे जात असेल तर उजवा बोल्ट एलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, मिनिटभर थांबा, मग गरज असेल तर पुन्हा पाव. पाय टेकताच पट्टा अडखळत असेल तर त्याखाली सिलिकॉन ऑईल कमी पडलंय का पाहा. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल तिथे चालत नाही, पट्टा खराब होतो.