चारिझार्डच्या दोन लिस्ट, खेळायची कुठली?

पोकेमॉन टीसीजीत, म्हणजे पोकेमॉनच्या कार्डांच्या खेळात, एकाच डेकच्या दोन लिस्ट (कुठली 60 कार्डं घ्यायची त्याच्या याद्या) हातात आल्या की बरेच जण काय करतात, दोन्हीचे वीस-वीस गेम खेळतात आणि जी जास्त जिंकली ती उचलतात. नाणं उडवलं तरी 20 पैकी 12 किंवा जास्त वेळा छापा यायचा चान्स 25 टक्के असतो बरं का, त्यामुळे नुसत्या 12-8 वरून काही कळत नाही.

आधी दोन्ही लिस्ट शेजारी ठेवा आणि सेम कार्डं खोडून टाका. 60 पैकी बरीचशी उडतातच, उरतात ती थोडीशी, तुलना फक्त त्यांचीच करायची.

आता 2024-25 च्या स्टँडर्डमधला (फक्त अलीकडचे सेट चालणारा फॉरमॅट) चारिझार्ड ईएक्स घ्या. एका बिल्डमध्ये नुसता पिजट ईएक्स (दर टर्नला डेकमधून हवं ते एक कार्ड काढून देणारा), दुसऱ्यात त्याच्या जोडीला डस्कनॉयर, जो ऑगस्ट 2024 च्या श्राउडेड फेबल सेटमध्ये आला. डस्कनॉयर स्वतः नॉकआउट होऊन समोरच्या कुठल्याही एका पोकेमॉनवर 130 टाकतो आणि बदल्यात समोरच्याला एक प्राइझ फुकट (प्राइझ म्हणजे सुरुवातीला बाजूला ठेवलेली सहा कार्डं, पोकेमॉन नॉकआउट केला की त्यातून घ्यायची, आधी संपवेल तो जिंकला). घाट्याचा सौदा वाटतो ना? पण चारिझार्डचा अटॅक मुळात 180 चा आणि समोरच्याने घेतलेल्या प्रत्येक प्राइझमागे 30 ने वाढतो, म्हणजे आपणच एक प्राइझ दिलं की 210, वर ते 130, झाले 340. मिररमधला, म्हणजे समोरही हाच डेक असताना, चारिझार्ड 330 एचपीचा (तेवढं डॅमेज झालं की नॉकआउट), ड्रॅगापल्ट ईएक्स 320 चा, दोघंही एका टर्नमध्ये खलास, तेही समोरच्याने आधी एकही प्राइझ घेतलेलं नसताना! डस्कनॉयर नसेल तर 330 गाठायला समोरच्याची पाच प्राइझ व्हायला लागतात. हा हिशोब प्रत्येक मोठ्या डेकविरुद्ध कागदावर करून बघा, अर्धा निकाल तिथेच लागतो.

मग किंमत बघा. बेंचवर (मागे थांबलेल्या पोकेमॉनची रांग) जागा पाचच, त्यात डस्कल (डस्कनॉयरची पहिली पायरी) बसला की एक चारमँडर किंवा पिजी (चारिझार्ड आणि पिजटची पहिली पायरी) कमी. शिवाय डस्कल 60 एचपीचा आणि ड्रॅगापल्ट पुढच्याला 200 मारून बेंचवर सहा डॅमेज काउंटर (एक म्हणजे 10) टाकतो, म्हणजे डस्कल गेलाच. ज्या डेकला मारायला आणला तोच त्याला आधी खातो, हे लिस्ट बघून पटकन लक्षात येत नाही. आणि एकच कॉपी ठेवली तर ती प्राइझमध्ये अडकायचा चान्स 10 टक्के, तिथून पिजटलाही काढता येत नाही. दोन ठेवल्या तर दोन्ही अडकायचा चान्स एक टक्क्याच्याही खाली, पण तेवढी जागा कुठून आणणार?

चौथी रेअर कँडी (मधली पायरी गाळून चारमँडरचा थेट चारिझार्ड करणारं आयटम कार्ड) की एक चारमेलियन (ती मधली पायरी), हा वाद पण असाच. कँडीच्या 4 कॉपी असल्या की पहिल्या सात कार्डांत निदान एक यायचा चान्स साधारण 40 टक्के, 3 असल्या तर साडेएकतीसच्या आसपास. पण जानेवारी 2025 पासून बडू नावाचा पोकेमॉन आला आणि समोरच्याच्या बडूने अटॅक केला की पुढच्या टर्नला तुमचे आयटम बंद, म्हणजे हातातल्या कँड्या नुसत्या बघत बसायचं. अशा वेळी चारमेलियनच कामाला येतो, त्यामुळे तुमच्याकडे बडू किती खेळतात त्यावर ठरवा.

हे सगळं झालं की मग टेस्टिंग. एकच पार्टनर, एकच मॅचअप (समोर दर वेळी तोच डेक), आणि मध्ये डेक अदलाबदल करून खेळा नाहीतर तुम्ही डेक नाही माणूस मोजताय. प्रत्येक गेमनंतर एवढंच लिहा की ते वेगळं कार्ड हातात आलं का, आलं तर उपयोग झाला का, आणि त्याच्या जागी दुसऱ्या लिस्टचं कार्ड असतं तर बरं झालं असतं का. जिथे ते दिसलंच नाही तो गेम सोडून द्या, जिंकला असलात तरी. ॲपवरच्या लॅडरवर (रँकिंगच्या ऑनलाइन गेमवर) फार भरवसा नको, तिथे एकच गेम असतो आणि मोठ्या स्पर्धेत 50 मिनिटांत बेस्ट ऑफ थ्री, तिथे गेम लवकर संपवणाऱ्या बिल्डला वेगळीच किंमत येते.

माझं मत, मिरर आणि ड्रॅगापल्ट जास्त असतील तर डस्कनॉयर, पण दोन डस्कलसकट, एकावर विसंबू नका. बाकी ठिकाणी साधी लिस्ट. आणि बदल करायचेच तर एका वेळी एक-दोनच कार्डं बदला, सहा बदललीत तर नंतर कशामुळे फरक पडला ते शोधत बसाल.