प्रेग्नन्सीत व्हिटॅमिन डी आणि बीपीचं कसं बघायचं

आधी रक्ताची २५ हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी टेस्ट करून घ्या, २० ng/mL च्या खाली आलं तर कमी आहे समजायचं. मग डॉक्टर डोस ठरवतील. ते ६०००० युनिटचं पाकीट असतं ना, दुधात टाकून घ्यायचं, ते लिहून दिलं असेल तर बहुतेक आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही हं! माझ्या जावेने पहिले तीन दिवस रोज घेतलं, गोड लागतं म्हणून, नंतर फोनाफोनी. पाकिटावर पेनाने वार लिहून ठेवा.

सकाळचं कोवळं ऊन छान वाटतं पण डी साठी ११ ते १ चं ऊन लागतं, आणि खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही.

आता खरं सांगते, डी घेतल्याने प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) टळतोच असं पक्कं सिद्ध झालेलं नाहीये, त्यामुळे त्याच्या भरवशावर बीपी मोजणं सोडू नका. आधीच्या वेळी बीपी वाढलं असेल, जुळं असेल, शुगर असेल तर कमी डोसच्या अ‍ॅस्पिरिनचं डॉक्टरांना १६ आठवड्यांच्या आत विचारा, स्वतःहून सुरू करू नका. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे काजवे, चेहरा सुजलाय, यातलं एक जरी असलं तर उद्यावर न ढकलता लगेच दवाखाना गाठा.