बुखारी धुमसते, खोली मात्र गारच? या चुका टाळा

ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पारा ५ अंशांच्या खाली, दुपारपर्यंत धुकं, आणि शहराच्या लष्कर भागातल्या आमच्यासारख्या जुन्या घरात छत १४ फुटांवर. बैठकीत बुखारी बसवली, म्हणजे लाकडावर चालणारी बंद शेगडी, पहाडात असते तशी, वर पाईप असलेली. पहिला हिवाळा डोळे चोळण्यातच गेला. दोष बुखारीचा नव्हता, आमचा होता.

मुख्य घोटाळा लाकडाचा. टालवाला "एकदम सूखी है" म्हणाला, आम्ही मान डोलावली. पण वरून वाळलेला ओंडका आतून ओला असू शकतो. ताज्या तोडीच्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं म्हटलं तरी चालेल. अशा १० किलोंतल्या ५ किलो पाण्याची वाफ करायलाच साधारण ३ युनिट ऊर्जा जाते, म्हणजे २ किलोवॅटचा हीटर दीड तास चालावा तेवढी. ती उष्णता खोलीला मिळायची ती पाईपातून आकाशात. टोकाला फेस येत असेल, सुस्स आवाज होत असेल तर समजा फसलात. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: वाळलेल्या टणटण वाजतात, ओल्या बद्द. ओल मोजायचा मीटर असेल तर ओंडका फोडून आतल्या बाजूला लावा. ओल २० टक्क्यांच्या आत हवी.

उपाय सोपा, पण आधीपासून करायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड घ्या, मनगटाएवढ्या ढलप्या करा, गच्चीवर विटांवर रचा. आपला मे-जून एरवी शिव्या खातो, इथे तोच कामाला येतो. पावसाळ्यात फक्त वरून झाका, बाजू मोकळ्या ठेवा. चहूबाजूंनी ताडपत्री गुंडाळलीत तर आत बुरशी. विलायती बाभूळ जड असते, छान टिकून जळते. रंग दिलेलं फर्निचर किंवा प्लायवूड मात्र अजिबात नको, त्याचा धूर विषारी.

दुसरी चूक "काटकसरी"ची. रात्रभर पुरावं म्हणून बुखारी ठासून भरायची आणि तिची हवेची खिडकी पार बंद करायची. आमचे काका अजूनही हेच करतात आणि सकाळी "धग होती रे" म्हणतात. पण हवा कमी पडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. न जळलेला धूर थंड पाईपात गोठून डांबरासारखा थर धरतो, आणि एखाद्या दिवशी तो थरच पेट घेतो. त्यापेक्षा थोडं थोडं लाकूड, ज्वाळा दिसेल इतकी हवा. पाईप दर हिवाळ्याआधी ब्रशने साफ करायचाच.

धूर उलटा खोलीत येतोय? आधी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद करा, तो खोलीतली हवा ओढून घेतो. मग बुखारीच्या आत पाईपाच्या तोंडाशी कागद पेटवून पाईप गरम करा. तरी नाही जमलं तर गच्चीवर जा. आमचा पाईप पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होता, वारा टाकीवर आपटून खाली दाबत होता. अमेरिकेत रूढ असलेला ठोकताळा असा: पाईप छतापासून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या परिसरात जे काही असेल त्याहून २ फूट उंच.

खोली तापवायची तर दारांच्या फटींना गोधडीचा पडदा लावा, पंखा अगदी मंद फिरवा म्हणजे छताशी अडकलेली ऊब खाली येते. पण एक झरोका उघडा राहू द्या. आणि पाईप नसलेली कोळशाची शेगडी निजायच्या खोलीत कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेत कळतही नाही.

राख रोज खरवडून काढू नका, बोटभर थर राहिला तर निखारे टिकतात. उरलेली झाकणाच्या लोखंडी बादलीत. आमची पहिली प्लास्टिकची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा तळ वितळलेला सापडला.