हिम वितळताना बाहेर पडणारे क्षार मोजताय? या चुका टाळा

हिमथर जसजसा वितळेल तसतसे त्यातले क्षारही त्याच प्रमाणात पाण्यात उतरतील, हे गृहीत धरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हिमाचे कण थरात पडून राहतात आणि पुन्हा स्फटिकरूप घेतात, तेव्हा बर्फाच्या जालकात (स्फटिकातील रेणूंच्या नियमित मांडणीत) परक्या आयनांना, म्हणजे क्षारांच्या विद्युतभारित अणू-रेणूंना, फारशी जागा नसल्यामुळे ते कणांच्या पृष्ठभागावर ढकलले जातात आणि वितळणारे पहिले पाणी नेमका तोच पृष्ठभाग धुऊन नेते. नॉर्वेतील संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पहिल्या ३० टक्के पाण्याबरोबर ५० ते ८० टक्के प्रदूषके निघून गेल्याचे आढळले होते. त्यामुळे वितळण सुरू होऊन आठवडा लोटल्यावर जो नमुने घ्यायला जातो, त्याला स्वच्छ पाणी मिळते आणि हिमही स्वच्छच होते असा त्याचा समज होतो. पहिल्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरणाऱ्या आम्लाचा माशांना फटका बसायचा तो तोपर्यंत बसून गेलेला असतो.

हीच चूक प्रयोगशाळेतही घडते, आणि तिथे ती सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. पिशवीतले हिम अर्धे वितळलेले असते, घाई असते, म्हणून तळाशी साचलेले पाणी बाटलीत ओतून घेतले जाते. क्षार बहुतांशी त्या पाण्यात गेलेले असतात आणि पिशवीत उरलेला गोळा जवळजवळ शुद्ध बर्फाचा असतो. साहजिकच आकडा फुगतो. नमुना झाकण लावूनच पूर्ण वितळू द्यावा, हलवून एकजीव करावा आणि मगच ओतावा.

सगळे आयन एकाच वेळी निघत नाहीत. सल्फेट आणि नायट्रेट सहसा क्लोराइडच्या आधी बाहेर पडतात, म्हणून पहिल्या पाण्यातील त्यांच्या गुणोत्तरावरून हिमाची रासायनिक घडण ठरवू नये. पाण्यात न विरघळणारी सेंद्रिय प्रदूषके मात्र धूलिकणांना चिकटून बरीचशी शेवटी येतात, तेव्हा क्षार ओसरले म्हणून नमुने घेणे थांबवू नये.

पाण्याची वाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) अचानक वाढली की उपकरणालाच दोष देण्याची सवय असते. त्याआधी आदल्या रात्रीचे तापमान पाहावे, कारण थर पुन्हा गोठला असेल तर क्षार पुन्हा कणांबाहेर ढकलले जातात आणि दुसऱ्या दिवशीचे पहिले पाणी अधिक खारे येते. सामू (pH, आम्लतेचे माप) मोजताना उलट संयम लागतो: इतक्या कमी क्षारांच्या पाण्यात इलेक्ट्रोड स्थिरावायला वेळ घेतो, त्यामुळे काटा सरकत असताना टिपलेला आकडा ग्राह्य धरू नये.