साइड प्रोजेक्ट बंद करताना

वर्षानुवर्षे रात्री जागून सांभाळलेला साइड प्रोजेक्ट बंद करायचा ठरला, की रेपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेली जागा) डिलीट करून मोकळे व्हावेसे वाटते. तसे करू नये. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावाच्या वादातून एनपीएम या जावास्क्रिप्ट कोडच्या सामायिक साठ्यावरील आपली सगळी पॅकेजेस काढून घेतली. त्यांतले ‘लेफ्ट-पॅड’ अवघ्या ११ ओळींचे होते, पण ते नाहीसे होताच जगभरातील असंख्य बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याच्या प्रक्रिया) अडले. आपला कोड कोणाकोणाच्या कामात मुरला आहे, हे लिहिणाऱ्याला पुरते ठाऊक नसते.

जो मागेल त्याच्या हाती किल्ल्या सोपवणे त्याहून घातक. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या एनपीएम पॅकेजच्या मेंटेनरने (ते सांभाळणाऱ्याने), स्वतःला त्याचा उपयोग उरला नसल्याने, प्रकाशनाचे हक्क एका अनोळखी व्यक्तीला दिले आणि त्या व्यक्तीने जोडलेल्या डिपेंडन्सीत (ज्यावर ते पॅकेज अवलंबून असते अशा दुसऱ्या पॅकेजमध्ये) पुढे बिटकॉइन चोरण्यासाठी लिहिलेला कोड सापडला. फुकट राबणाऱ्या त्या मेंटेनरला दोष देणे मला पटत नाही. तरीही ज्याचे काम आपण जवळून पाहिलेले नाही, त्याला हक्क देऊ नयेत. लायसन्स मुक्त असेल तर तो फोर्क करून, म्हणजे कोडची स्वतःची प्रत घेऊन, नव्या नावाने काम पुढे नेऊ शकतो.

रीडमीच्या (प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या) पहिल्याच ओळीत तारीख घालून लिहावे: ‘हा प्रकल्प आता सांभाळला जात नाही, सुरक्षेच्या त्रुटीही दुरुस्त होणार नाहीत.’ ‘सध्या वेळ नाही’ असे लिहिले, तर लोक वाट पाहत राहतात. प्रलंबित पुल रिक्वेस्टना (इतरांनी सुचवून पाठवलेल्या कोडमधील बदलांना) दोन ओळींचे का होईना, उत्तर द्यावे, कारण पाठवणाऱ्यानेही त्यासाठी आपली संध्याकाळ खर्च केलेली असते. वापरकर्त्यांचा डेटा असेल, तर तो उतरवून घेण्यासाठी पुरेशी मुदत द्यावी, मगच सर्व्हर पुसावा आणि एपीआय की (इतर सेवा वापरण्यासाठीचे गुप्त संकेत) रद्द कराव्यात. डोमेन मात्र लगेच सोडू नये. ते दुसऱ्याने घेतले, तर त्या डोमेनवरील ईमेल पत्त्यांवर येणारे पासवर्ड बदलण्याचे ईमेलही त्याच्याच हाती पडतात.

हे सारे उरकल्यावर गिट लॉग, म्हणजे कोडमधील बदलांची नोंदवही, पहिल्या कमिटपासून (पहिल्या नोंदवलेल्या बदलापासून) सावकाश वाचावा. सुरुवातीच्या नोंदींत नव्या कल्पना दिसतात. पुढे एका टप्प्यानंतर ‘डिपेंडन्सी अद्ययावत केल्या’ एवढेच पुन्हा पुन्हा येऊ लागते. प्रकल्पातला जीव कधी गेला आणि त्यानंतर आपण किती काळ केवळ कर्तव्य म्हणून राबलो, हे तिथे तारीखवार सापडते. ती तारीख आणि थांबण्याचे खरे कारण रीडमीत नोंदवावे. रेपॉझिटरी गिटहब या संकेतस्थळावर असेल, तर तिथले ‘अर्काइव्ह’ त्यानंतरच करावे, कारण मग रेपॉझिटरी फक्त वाचता येते.